दर्या शांत छ

ज्ञानेश्वरीबाईंच्या पायरीवर चपला काढायला टेकराज वाकला आणि तसाच वाकलेला राहिला, कारण आतून त्याचाच आवाज येत होता. “दर्या शांत छ,” आवाज म्हणाला. मग टिक् असं काहीतरी वाजलं आणि आवाज पुन्हा म्हणाला, “दर्या शांत छ.” टिक्. “शांत छ.” टिक्. “छ.” सकाळचे दहा वाजले होते. पलीकडच्या गडग्यावर बसलेलं मांजर त्याच्याकडे बघत होतं, आणि त्या मांजराला आपली सगळी भानगड ठाऊक आहे असं त्याला उगाचच वाटलं. आतला तो माणूस किती खात्रीने बोलतोय, त्याच्या मनात आलं. आपण तर इतक्या खात्रीने भाजीवाल्याकडे कोथिंबीरही मागत नाही. त्याला आपल्याच आवाजाचा हेवा वाटला आणि मग भीती वाटली, कारण त्या आवाजाला आज चार वाजता बक्षीस मिळणार होतं आणि ते घ्यायला स्टेजवर चढावं लागणार होतं त्याला.

तो बाईंना एक वाक्य सांगायला आला होता. ‘बाई, मी हर्णेचा नाही.’ चार शब्द. मिरकरवाड्यातून, बंदरावरच्या घरून, निघताना ते वाक्य तोंडात अगदी तयार होतं. मच्छीबाजारापर्यंत येईतो त्याचं ‘बाई, एक सांगायचं होतं’ झालं, आणि एस. टी. स्टँड ओलांडल्यावर त्याचं जे काही उरलं होतं ते ‘बाई, आज उकडतंय फार’ असं होतं. घरातून निघताना गंगाने दारातच अडवून सांगितलं होतं, “तुम्ही नाही सांगितलंत तर चार वाजता मी येऊन सांगेन. सगळ्यांसमोर.” गंगा म्हणजे त्याची बायको. ती बोलल्याप्रमाणे करते हे त्याला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं.

टेकराज बोहरा हे त्याचं नाव या शहरात गंगा सोडून कुणीच घेत नसे, आणि तीसुद्धा नवऱ्याचं नाव कशाला घेईल? नेपाळातल्या अछामच्या डोंगरातून अकरा वर्षांपूर्वी तो आला तो आरे-वारेच्या वरच्या बाजूला, एका बागायतदाराच्या कलमांची राखण करायला. तिथे पहिल्याच सकाळी कातळावर उभं राहून त्याने समुद्र पाहिला आणि त्याला ते धुकं वाटलं. त्याच्या गावी सकाळी सगळी दरी अशीच भरलेली असायची, करडी, सपाट, आणि दहाच्या सुमाराला धुकं उठलं की खालची शेतं दिसायची. तो तिथेच बसून धुकं उठायची वाट बघत राहिला. दहा वाजले, साडेदहा झाले. अकरा वाजता बागायतदार आला आणि माकडं मोहोर खात असताना हा काय करतोय म्हणून ओरडला. “धुआँ... कुहिरो...” असं काहीतरी हातवारे करून टेकराजने सांगितलं. बागायतदाराने खाली बघितलं, मग याच्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. पण टेकराजला पुढेही कित्येक दिवस वाटत राहिलं की कधीतरी ते उठेल आणि खाली कुणाची तरी शेतं दिसतील.

दोन हंगामांनंतर तो रावजी तांडेलांच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला. पहिले चार महिने तो फक्त ओकला. रावजीकाका म्हणायचे, “डोंगराचं पोट हाय त्याचं. ह्याला हलनारी जमीन ठावक नाय.” बोटीवर चार नेपाळी होते आणि चौघांचंही नाव बहादूर होतं, म्हणजे ते तसं ठेवण्यात आलं होतं. टेकराज तिसरा बहादूर. मराठी तो रावजीकाकांच्या शिव्यांमधून शिकला. “मेल्या, दोर वड!” असं ते इतक्या वेळा ओरडायचे की मेल्या हे दोराच्याच एखाद्या जाड प्रकाराचं नाव असावं अशी सहा महिने त्याची समजूत होती. जेटीवरच्या दुकानात जाऊन त्याने एकदा दहा वाव लांबीचा मेल्या मागितला होता. दुकानदाराने देतो म्हणून आत नेलं आणि आतल्या चौघांना बोलावून पुन्हा मागायला लावला. मासे, जाळी, इंजिन यांची नावं कानावर पडून आली. पण लाटेची गंमत वेगळी होती. लाट येताना बोट चढते आणि मग उतरते, या चढण्या-उतरण्याला रावजीकाकांकडे शब्दच नव्हता. जो माणूस जन्मापासून त्यावरच आहे तो त्याला नाव कशाला देईल? टेकराजला मात्र नाव दिल्याशिवाय पोट सावरता येत नव्हतं. चढ आला की तो कठडा धरून स्वतःला सांगायचा, उकालो. उतार आला की ओरालो. दोन्हीमधली ती वरची क्षणभराची जागा, जिथून सगळं दिसतं, ती डाँडो. शाळेची वाट आठवायची, त्या वाटेवर पुढे चालणारी बज्यै, म्हणजे आजी, आठवायची. ती वळून म्हणायची, अजून एकच उकालो आहे बाळा, आणि नेहमी खोटं बोलायची. असं करत करत त्याचं ओकणं थांबलं. बाकीचे बहादूरही तसंच म्हणू लागले. मग बहादुरांना ओरडायचं तर त्यांना कळेल असं ओरडायला हवं, म्हणून रावजीकाका ओरडू लागले, “उकाली आली रं, धरा!”

आतून पुन्हा “छ” आलं आणि टेकराज सरळ उभा राहिला. त्याच्या पाठीत कळ आली होती.

हा सगळा घोळ संदेशशेठमुळे झाला. संदेशशेठ म्हणजे ‘किनारा केबल’ या वाहिनीचे मालक, कॅमेरामन आणि जाहिराती गोळा करणारे. वाहिनीचा स्टुडिओ एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर, आणि खाली झेरॉक्स मोठी निघायला लागली की वर बातम्या देणारी मुलगी थरथरायची. दोन वर्षांपूर्वी एका वादळातून बोट कशीबशी परत आली तेव्हा संदेशशेठ माईक घेऊन जेटीवर आले. रावजीकाका, ज्यांचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू येतो, ते कॅमेरा बघून मुके झाले. त्यांचे ओठ हलायचे, पण बाहेर काही येईना. शेवटी त्यांनी टेकराजला मानेला धरून पुढे ढकललं. “ह्याला इचार.” टेकराज तीन दिवस झोपलेला नव्हता. त्याला कॅमेरा कॅमेऱ्यासारखा दिसलाच नाही. त्याने कुणालातरी घाटातला प्रवास सांगावा तसं सांगितलं, कुठे भीर, म्हणजे तुटलेला कडा, होता, कुठे उकाली संपेचना, कुठे बोट ओरालीला लागली तेव्हा वाटलं आता खालच्या गावात जाऊनच थांबते. संदेशशेठ माईक खाली घ्यायला विसरले. म्हणाले, “अरे, ही काय भाषा आहे! नाव काय तुझं?” रावजीकाकांना आता कंठ फुटला होता, ते म्हणाले, “बहादूर.” संदेशशेठनी त्याच्याकडे पाहिलं. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने तो जेटीवरच्या कुणाही खलाशाइतका काळा झाला होता आणि नाकडोळेही तसे कुठलेही असू शकले असते. “नको,” संदेशशेठ म्हणाले, “बाबल्या. हर्णेचा बाबल्या.”

हर्णेला तो आयुष्यात एकदा गेला होता, तेही बोटीचं इंजिन बिघडलं म्हणून.

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसहाला ‘आजचा दर्या’. वारा कुठला, लाटा किती, जेटीवर काय आलं. हवामान खात्याचं पत्रक संदेशशेठ त्याला वाचून दाखवायचे आणि तो ते आपल्या भाषेत सांगायचा. डोक्यावर लाल कोळी टोपी. ती संदेशशेठनी शाळांच्या गॅदरिंगला कपडे पुरवणाऱ्या दुकानातून आणली होती आणि तिसरी-चौथीच्या मापाची होती. कार्यक्रम संपला की कपाळावर टोपीची लाल रेघ उठायची आणि घरी गेल्यावर गंगा त्या रेघेवर खोबरेल चोळून द्यायची. बसून करायची ही त्याची आयुष्यातली पहिली नोकरी. खुर्ची हलत नव्हती. समोर समुद्राचं चित्र होतं, तेही भिंतीला चिकटवलेलं. मिरकरवाड्यात सगळ्यांना खरं माहीत होतं, पण शहराची गंमत होतेय तर आपण कशाला बोला, म्हणून जेटी गप्प होती. शहर मात्र त्याला रस्त्यात थांबवायचं. “काय बाबल्या, उद्या कपडे वाळत घालू का?” एखादी बाई विचारायची. तो आकाशाकडे गंभीरपणे बघून “घाला” म्हणायचा. त्याला वाटायचं की हे विचारतात ते त्याला नाही, त्याच्या आतल्या त्या दुसऱ्या माणसाला, आणि तो दुसरा उत्तरंही बरी देतो.

मग एका संध्याकाळी ते झालं. सकाळी गावाहून फोन आला होता, म्हशीला रेडकू झालं होतं, आणि फोनवर अर्धा तास तो नेपाळीत बोलला होता. संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर बसला आणि म्हणाला, “आज दर्या शांत छ.” ‘आहे’च्या जागी नेपाळी ‘छ’ आला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. कळलं ते फक्त ज्ञानेश्वरीबाईंना.

बाई कॉलेजातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. एकट्या राहायच्या. चाळीस वर्षं किनाऱ्यावरच्या बोलींचे शब्द गोळा करत फिरल्या होत्या आणि म्हातारी माणसं एकेक करून जात होती, शब्द संपत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी संदेशशेठना फोन करून विचारलं, हा मुलगा कुठला? “हर्णेचा,” संदेशशेठ म्हणाले. मग बाई स्वतः स्टुडिओचा जिना चढून आल्या. गुजराथकडच्या गलबतांशी हर्णेची जुनी ये-जा, त्यातून हा ‘छ’ एखाद्या घराण्यात टिकून राहिला असणार, असं काहीतरी त्यांनी सांगितलं. टेकराजला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांचे डोळे चमकत होते हे दिसलं, आणि इतक्या वयाच्या बाईने आपल्यासाठी तेवीस पायऱ्या चढाव्या याचं त्याला ओझं झालं. “दर रविवारी माझ्याकडे ये,” बाई म्हणाल्या, “आजी काय काय म्हणायची तेवढं आठवून सांग.” आजी काय म्हणायची हे इतक्या वर्षांत त्याला कुणीच विचारलं नव्हतं. तो गेला. पुढच्या रविवारीही गेला. बाई घावणे करायच्या, वही उघडायच्या आणि विचारायच्या, चढत्या लाटेला काय म्हणायची? लाटेच्या कड्याला? बोटीच्या पुढच्या टोकाला? शेवटचा प्रश्न अवघड होता, कारण बज्यैने बोट कधी पाहिलीच नव्हती. पण म्हशीच्या तोंडाच्या पुढच्या भागाला ती थुतुनो म्हणायची, आणि बोट समोरून तशीच दिसते, म्हणून त्याने थुतुनो सांगितलं. घरी आल्यावर हे ऐकून गंगा दोन दिवस हसत होती. मध्येच भाकरी थापताना थांबायची, थुतुनो म्हणायची आणि पुन्हा हसायची.

पण गेल्या आठवड्यात पुस्तिका छापून आली तेव्हा ती हसली नाही. ‘हर्णे किनाऱ्याची लुप्त होत चाललेली दर्याबोली’, त्रेसष्ट शब्द, वर टोपीतला त्याचा फोटो, आणि बोली टिकवल्याबद्दल एका मंडळाचं बाबल्याला बक्षीस. गंगाला मराठी सावकाश वाचता येतं. बोट ठेवून ती वाचत गेली आणि अठ्ठावन्नाव्या शब्दाशी बोट थांबलं. ‘न्यास्रो : बोट वेळेवर न परतल्यास किनाऱ्यावरील स्त्रियांना येणारी व्याकुळता.’

“हा तुम्ही दिलात?”

“विचारलं त्यांनी. आजीला वाट बघताना काय व्हायचं म्हणून.”

“हा माझा आहे,” गंगा म्हणाली. “तीन वर्षं तुम्ही इकडे आणि मी तिकडे होते. तेव्हा तुम्ही ओकत होतात आणि मला न्यास्रो लागायचा. हर्णेच्या बायकांना कुठून लागला?” आणि पुस्तिका तिने पालथी करून ठेवली.

“बाहेर कोण आहे?” आतून बाईंचा आवाज आला. टेकराज आत गेला. बाई मोबाईल कानाशी धरून बसल्या होत्या आणि नेहमीच्या सुती साडीऐवजी त्यांनी रेशमी साडी नेसली होती, कार्यक्रम चारला असून सकाळपासूनच. ते बघून त्याच्या तोंडातलं उरलंसुरलं वाक्यही विरघळलं.

“बस. भाषणात हा ‘छ’ म्हणून दाखवायचाय मला, नीट जमत नाहीये. तू म्हण बघू.”

“बाई, आज उकडतंय फार.”

“असेल. म्हण.”

तो खाली बघून म्हणाला, “मी हर्णेचा नाय छ.”

हे वाक्य असं येईल हे त्यालाही ठाऊक नव्हतं. बाईंनी आधी फक्त ‘छ’ ऐकला, मान डोलावली, त्यांचे ओठ तसाच उच्चार करायला पुढे आले, आणि मग उरलेलं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं.

“मग कुठला?”

“नेपाळ. अछाम. अकरा वर्षं झाली इकडे येऊन. माझं नाव टेकराज बोहरा.”

“म्हणजे वर्षभर तू मला फसवत होतास.”

“नाय बाई. तुम्ही आजीचे शब्द विचारलेत. मी आजीचेच सांगितले. एक पण खोटा नाय.”

“कुठली आजी?”

“माझीच.”

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. टेकराजला वाटलं की त्यांनी ओरडावं, रावजीकाकांसारखं, म्हणजे पुढे काय करायचं ते कळेल. त्याऐवजी त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि आत भांड्यांचा आवाज होऊ लागला, एक भांडं दुसऱ्यावर, दुसरं तिसऱ्यावर, कुठल्याही स्वयंपाकाला लागणार नाहीत इतकी भांडी. कोपऱ्यात पुस्तिकेचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवले होते. तीनशे टेकराज टोपी घालून त्याच्याकडे बघत होते. एक मन म्हणालं, ऊठ आणि जा. दुसरं म्हणालं, घावणे होतील बहुतेक. असल्या वेळी आपल्याला घावणे सुचतात याची त्याला मनापासून लाज वाटली.

भांडी थांबली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे लाल होते, पण आवाज वर्गात शिकवणाऱ्या बाईचा होता. “हे उकाली वगैरे, तू सोडून दुसरं कुणी म्हणतं का? इथलं कुणी?”

“रावजीकाका म्हणतात.”

“लाव फोन. मोठ्याने ठेव. आणि तू काही सुचवायचं नाहीस.”

रावजीकाका जेटीवरच होते. मागे लिलावाचा गलका ऐकू येत होता. “काका,” टेकराज म्हणाला, “बोट लाटेवर चढते, तर त्याला तुम्ही काय म्हनता?”

“उकाली,” रावजीकाका म्हणाले. “का रं? टीव्हीवर जाऊन इसरलास काय?”

“आनि उतरते ती?”

“वराली. मेल्या, कामात हाय मी.”

“काका, हा शब्द कुनाचा?”

“कुनाचा म्हंजे? आमचा! माज्या बापाशीचा, आज्याचा. तुजा काय संबंद?” आणि फोन बंद झाला.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं, आणि टेकराज घाबरून पुढे झाला, तेव्हा त्याला कळलं की त्या हसताहेत. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “अकरा वर्षं,” त्या मध्येच म्हणाल्या. “अकरा वर्षांत आज्याचा झाला! आणि मी चाळीस वर्षं म्हाताऱ्यांच्या तोंडून जे लिहून घेतलं, त्यातलं किती असं असेल रे?” मग हसणं थांबलं आणि त्या पुस्तकांच्या कपाटाकडे वळल्या. “चारला ये,” शेवटी म्हणाल्या. “टोपी आणू नकोस.”

चार वाजता सभागृह भरलेलं होतं. पुढे शहर, मागे जेटी. मागच्या रांगेत रावजीकाका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि त्यांच्या शेजारी गंगा, हाताची घडी घालून. संदेशशेठ कॅमेरा लावून उभे होते. टेकराजच्या डोक्यावर टोपी नाही हे बघून त्यांनी स्वतःच्या डोक्याला हात लावून लावून खुणा केल्या. मंडळाच्या अध्यक्षांनी भूमिपुत्र हा शब्द पाच वेळा वापरला. टेकराज तो मोजत होता. मग बाई उठल्या. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि सांगितलं की या पुस्तिकेचं नाव चुकलं आहे, चूक त्यांची आहे, हे शब्द हर्णेचे नाहीत आणि लुप्तही होत नाहीयेत. ते अछाम नावाच्या डोंगरी मुलखातले आहेत, ते घेऊन येणारा माणूस हा इथे बसला आहे, त्याचं नाव टेकराज बोहरा, आणि त्याच्या तोंडून ते आपल्या जेटीवर आले आहेत. “भाषेत नवा शब्द येताना डोळ्यांदेखत बघायला मिळणं हे फार थोड्यांच्या नशिबी असतं,” बाई म्हणाल्या. “मला ते मिळालं आणि मी ते उलटं वाचलं.”

मग मागे खुर्ची सरकली आणि रावजीकाका उभे राहिले. कॅमेऱ्यासमोर मुका होणारा हा माणूस आज कॅमेऱ्याला पाठमोरा होता हे सगळ्यांचं दुर्दैव. “एक मिनिट,” ते गरजले. “बाईंचा मान ठेवून सांगतो. मानूस नेपाळचा हाय, बरोबर. मीच आनला. पन उकाली आमची हाय. मी लहानपनापासून म्हनतो. वराली पन आमची.” जेटीच्या रांगांमधून “हाय, हाय” असा आवाज उठला. एकजण म्हणाला, आमच्या आवशीला तर दुसरा शब्दच ठावक नव्हता. रावजीकाकांना जोर चढला. “आता तो न्यासरा. आमच्या बोटीवर रोज कुनाला तरी लागतो न्यासरा. तो पन आमचाच! उद्या म्हनतील दर्या पन नेपाळचा!”

हशा पिकला. टेकराज समोर बघत होता. त्याला गंगा दिसली. तिची हाताची घडी सुटली होती आणि ती उठायच्या बेतात होती, आणि तेवढ्यात आपल्याच छातीतून काहीतरी वर येतंय असं त्याला जाणवलं. जुनं ओकणंच असावं असं पहिल्यांदा वाटलं. तो उभा राहिला.

“ओ तांडेल,” तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता, बाबल्याचाही नव्हता. “खाली बसा! उकाली घ्या, वराली घ्या, मी काय बोल्लो काय? सात वर्सं बोटीवर वापरलीत, वापरा. पन न्यास्रो माज्या बायकोचा हाय! तीन वर्सं ती एकटी डोंगरात बसली व्हती आनि तुमी मला दोन दिवस सुट्टी देत नव्हतात, तवाचा हाय तो! तुमाला कवा लागला न्यास्रो? तुमची बोट जेटीला लागते, घर समोर दिसतं, बांगडा तव्यावर असतो! तुमाला लागते ती भूक! आनि आज्याचं नाव सांगता? तुमचा आजा काय अछामला मेंढरं राखीत व्हता काय, मेल्या!”

शेवटचा शब्द कसा निघाला ते त्याला कळलंच नाही. इतकी वर्षं त्याने तो फक्त झेलला होता, परत कधी टाकला नव्हता. रावजीकाका तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक विलक्षण अभिमान पसरला. “बगा,” ते शेजारच्याला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात. “माज्या बोटीवर शिकलाय.” पुढच्या रांगेतला एक धोतरवाला म्हातारा टाळ्या वाजवत उठला आणि म्हणाला, असं भांडण बाहेरच्या माणसाला जमायचंच नाही, हा हर्णेचाच आहे, बाईंची कुणीतरी दिशाभूल केली आहे. गंगा पुन्हा खाली बसली होती. तिला सगळं कळलं होतं की नाही कोण जाणे, पण ती डोळे पुसत होती.

रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, “घरी माझ्याशी इतकं कधी भांडला नाहीत.” आणि त्याच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.

संदेशशेठ दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की त्या भांडणाचा व्हिडिओ वाहिनीच्या इतर सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त लोकांनी पाहिला आहे, आणि त्यांनी टेकराजला बोलावून घेतलं. कार्यक्रम तोच, वेळ तीच, टोपी बंद, आणि खाली पट्टीवर नाव : टेकराज बोहरा. संध्याकाळी तो खुर्चीवर बसला. पत्रक तेच होतं, उत्तरेचा वारा, दर्या साधारण. तो नेहमीसारखंच बोलला. एकही शब्द वेगळा नव्हता. बोलताना आज आपल्याला आपला आवाज ओळखू येतोय असं त्याला वाटलं आणि कपाळ मोकळं, थंड वाटत राहिलं.

कार्यक्रम संपायच्या आतच फोन वाजायला लागले. संदेशशेठनी पहिले तीन घेतले आणि कपाळाला आठ्या घालून वहीत लिहून ठेवले. पहिल्याचं म्हणणं, नव्या माणसाचे उच्चार स्पष्ट नाहीत. दुसऱ्या बाईंचं म्हणणं, प्रयत्न चांगला आहे पण मराठी अजून कच्ची आहे, पुस्तकं वाचायला सांगा. तिसरा म्हणाला, समुद्राचं कळायला समुद्राकाठी जन्म घ्यावा लागतो. चौथा फोन ज्ञानेश्वरीबाईंचा होता. संदेशशेठनी तक्रारी सांगताच त्या पहिल्या तिघांची नावं मागू लागल्या. पाचवा वाजला तेव्हा संदेशशेठ वैतागून म्हणाले, “तूच घे. काय सांगायचं ते सांग.”

टेकराजने फोन कानाला लावला. पलीकडे एक म्हातारा होता, आवाजावरून राजापुराकडचा असावा, आणि मागे कुणीतरी नळ सोडलेला होता. “ओ,” म्हातारा म्हणाला, “तो तुमचा आधीचा कुठं गेला? बाबल्या? रोज ऐकायचो मी त्याला. ह्या नव्याचं काय समजत नाय.”

टेकराजने खिडकीतून खाली पाहिलं. खाली झेरॉक्सच्या दुकानात कुणीतरी परीक्षेचे फॉर्म घेऊन उभं होतं. त्याला हसू येत होतं.

“तो नेपाळला गेला,” तो म्हणाला.

“नेपाळला?” म्हातारा खऱ्याखुऱ्या कळवळ्याने म्हणाला, “अरेरे, बिचारा! तिकडं त्याची भाषा कुनाला कळनार?”